पोचले, सर

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज वैशाली सहीसाठी फाईल घेऊन आली आणि उभ्यानेच म्हणाली, "सर, एक बोलू? संध्याकाळी मला फोन करत जाऊ नका."

आमच्या ऑफिसातली सगळ्यात नवी मुलगी. रोज सिहोऱ्याहून बसने येते. घरी नीट पोचली का, एवढंच तर विचारायचो. या हिंदी मुलखातल्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यात माझी मुलगी तिच्याच वयाची, लग्न होऊन दूर गेलेली. म्हणून... म्हणूनच ना?

मी म्हटलं, "बेटा, काळजी वाटते."

"बाबा विचारून राहिले, साहेब रोज काहून फोन करतात? त्यांना काय सांगू?"

मला राग आला, खरं लिहितो. मग आठवलं, तिच्या कामाचा वार्षिक अहवाल मीच लिहितो. चार महिने ती "पोचले, सर" म्हणत आली आणि मी त्याला आपुलकी समजलो. नाही म्हणायची तिला सोय कुठे होती? ते "पोचले, सर" ती कशा मनाने म्हणत असेल!

"माझं चुकलं. यापुढे नाही करणार," एवढंच बोललो.

सात वाजता सवयीने हात फोनकडे गेला, तो मागे घेतला. पोळ्या लाटता लाटता बायकोने, सुधाने, विचारलं, "आज त्या मुलीला फोन नाही?"

"नाही. तिने नको म्हटलं."

"बरं झालं." तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

म्हणजे चार महिने माझी बायकोही गप्पच होती.