तिसऱ्या विमानाचं पोट

३ नोव्हेंबर, वाघोली
हवेत दमटपणा ५४ टक्के. तिसऱ्या विमानाला रंग लागला. पाण्यावर उतरणारं, पाण्यावरून उडणारं. निदान कागदावर तरी. पहिलं लाकडी, जड. पाण्यातून उठलंच नाही. दुसरं उठायच्या आधी नाक आपटत उड्या मारायचं. मग विमानाचा आराखडा काढणाऱ्या कांबळेबाईंनी पोटाखालची पायरी, पाण्यातून सुटायला ठेवलेला टप्पा, मागे सरकवली, मी फायबरसाठी नवा साचा केला.
बाई म्हणाल्या, "युनूसभाई, हे नाही उडालं तर मी निवृत्त होते."
"झालात की. नोकरी संपून आठ वर्षं झाली."
हसल्या. क्वचित हसतात.

५ नोव्हेंबर
जेवणानंतर उगाच नाण्याने विमानाचं पोट वाजवत बसलो. पाण्याच्या टाक्या बनवायचो तेव्हाची खोड. टण, टण, टण. डावीकडे, पायरीच्या मागे, थप्प. तळहाताएवढी जागा. तीनदा वाजवलं. आतले थर सुटलेत.
तो भाग ऑगस्टमधला. सकाळी ऊन होतं म्हणून फायबरचे थर चिकटवायचं रेझिन कालवलं आणि आभाळ भरून आलं. दमटपणा ८४. सत्तरच्या वर गेला की हात लावायचा नाही, हा बाईंचा नियम. बाई बाहेरगावी. कालवलेलं तासाभरात घट्ट होतं, महागाचं, फेकवेना. लावलं. रजिस्टरात ६८ लिहिलं.
गाढव आहे मी.

६ नोव्हेंबर
सांगितलं नाही.
बाईंचा मुलगा अनिकेत आला. एरवी प्रवासी विमानं चालवतो. हे उडवायला दहा दिवसांची रजा काढलीय. धरणावरची परवानगी १४ची, एकच सकाळ. पोटावर थाप मारून म्हणाला, "काका, तुमच्या हातचं आहे, म्हणून मी निवांत."
पाण्यावर टेकताना सगळा मार तिथेच बसतो. वेगात फाटलं तर...
जेवण गेलं नाही. बायकोने, नसीमने, ओळखलं. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "कल जाके बोलो. बाद में किस को बोलोगे?"

७ नोव्हेंबर
गेलो. चहा झाला. बोललो नाही. भित्रा.

८ नोव्हेंबर
बोललो. दारातच, चपला काढायच्या आधी. बाईंनी रजिस्टर काढलं, पान शोधलं.
"हा आकडा कुणी लिहिला?"
"मीच."
ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. स्वतः नाणं वाजवून पाहिलं. मग म्हणाल्या, "कापा."
कापलं. वरचा थर नखाने सुटून आला, दुधावरच्या सायीसारखा. तो तुकडा बाईंनी उजेडात धरून उलटापालटा केला. अनिकेत बाहेर फोनवर बोलत होता, त्याचा आवाज आत येत होता.

११ नोव्हेंबर
दमटपणा ४९. आकडा बाईंनी स्वतः वाचला, स्वतः लिहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लागलं. लागायलाच हवं. चार थर दिले, प्रत्येक थराला बाई शेजारी उभ्या.
अनिकेतला त्यांनी सगळं सांगितलंय. तो अजून काका म्हणतो. ते जास्त जड जातं.

१३ नोव्हेंबर
पोट सगळीकडून नीट वाजतंय. तरी आणखी दोनदा वाजवून पाहिलं. पंख काढून विमान ट्रेलरवर चढवलं. कात्रजच्या चौकात स्कूटरवाल्याने विचारलं, "काका, बोट कुठे निघाली?"
"लग्नाला."
बाई गाडीत माझ्या पुढच्या सीटवर होत्या. वळल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर, धरण
पाणी शांत. पंख बसवून झाले. अनिकेतच्या शेजारच्या सीटवर वजनासाठी वाळूची पोती बांधली होती. म्हणालो, पोती काढा, मी बसतो. आत पाणी आलं तर बघायला कुणीतरी हवं.
"पोहता येतं?" अनिकेतने विचारलं.
"नाही."
बाईंनी वर पाहिलं. वाटलं, नको म्हणतील.
"वजन किती तुमचं?"
"एकाहत्तर."
पोत्यांकडे बघत हिशेब केला. "बसा. जॅकेटचे पट्टे आवळून घ्या."
भीती वाटतेय. खूप. नसीमला कळवलेलं नाही.
अनिकेत इंजिन तापवतोय. म्हणतो, काका, वही भिजेल, किनाऱ्यावर ठेवा. बाईंच्या हातात देतोय. त्यांनी वाचली तर वाचली.