तुझ्या वजनाची रिम

सूनबाई,

मी डोळे तपासायला जातोय, दुपारपर्यंत येईन.

त्याच्या सायकलला तुझ्यासाठी नवी चाकं बसवलीत. दोन दिवस उशीर झाला, कारण चूक माझी. चाळीस वर्षं चाकं बांधतोय, पण तो जाऊन चार महिने झाले तरी हातांनी सवयीने माझ्या लेकाच्या ऐंशी किलोंना पेलणारी जाड रिम उचलली. सगळ्या तारा ओवून झाल्यावर ध्यानात आलं, की आता चालवणार तू आहेस. मग सगळ्या तारा पुन्हा सोडवल्या.

तुझी रिम हलकी आहे, चढावर दम लागणार नाही. शर्यतीची त्याहून हलकी मिळते, पण तुझ्या ऑफिसच्या वाटेवरचे खड्डे तिला महिनाभरही टिकू देणार नाहीत. हवा दर आठवड्याला बघत जा. तो कधी बघायचा नाही, मी उगाच ओरडायचो.

सीट तेवढी तुलाच खाली घ्यावी लागेल. पाना कॅरिअरवर ठेवलाय. सीट अजून त्याच्याच उंचीला आहे. मी दोनदा पाना लावला, पण माझ्याच्यानं नट सैल करवला नाही.

बाबा