शनिवारच्या टाकोंसह माझ्या सर्व मिळकतीची व्यवस्था

मी, मनकर्णा खुशाल रामटेके, वय सत्तरच्या थोडं पुढे, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि भरदुपारी पोटभर जेवून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. माझ्याकडे मात्र त्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट आहे आणि ते सोबत जोडलं आहे. ते का घ्यावं लागलं, हे सांगितल्याशिवाय माझी वाटणी कोणाला उमजणार नाही, म्हणून आधी ते सांगते. लिहिताना मला मधूनमधून हसू येतं. अक्षर कुठे हललं असेल तर म्हातारीचा हात कापत होता असं कोणी कोर्टात म्हणू नये.

कलम १. माझी माणसं.
माझे पहिले पती खुशाल रामटेके शाळामास्तर होते. ते वारले. मुलगा नागसेन घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, सून दीपाली तिकडेच शिकवते. त्यांची मुलगी साक्षी इथल्या कॉलेजात शिकते आणि माझ्याजवळ राहते. दुसरे पती श्रावण पोचू गेडाम, एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले मेकॅनिक, मूळचे सिरोंचाकडचे. बरीच वर्षं ते आमच्या भिंतीपलीकडे राहत होते. सकाळी ते 'जय सेवा' म्हणायचे, मी 'जय भीम' म्हणायची, आणि दोघं आपापल्या नळाकडे जायचो. एवढीच ओळख.

कलम २. खुशाल यांची हार्मोनियम, मनगटी घड्याळ आणि सर्व पुस्तकं नागसेनला द्यावीत.
हार्मोनियमची एक पट्टी वाजत नाही. ती दुरुस्त करू नये. खुशाल गाताना तिथे आल्यावर तो सूर तोंडाने काढायचे आणि माझ्याकडे बघायचे. त्यांचा फोटो बैठकीतून हलवू नये. ते गेल्यावर मी स्वयंपाक सोडल्यातच जमा होता. एकटीसाठी कांदा कोण चिरणार? चहात टोस्ट बुडवला की जेवण झालं. गडचिरोलीच्या आडगावांत मी किती बायकांना "दोन जिवांचं खाय" म्हणून रागावले असेन, आणि घरी माझं हे असं. साक्षी राहायला आली तेव्हा माझ्या साड्या अंगावर दोरीवर टाकल्यासारख्या लोंबत होत्या.

कलम ३. स्वयंपाकघरातील सर्व सामान.
याबाबत तपशिलात लिहिणं भाग आहे. एका शनिवारी साक्षी फोन घेऊन आली. "आजी, मले टाको खायचे आहेत."
"ते काय असते?"
तिने दाखवलं. परदेशातली एक बाई मक्याच्या कडक पुरीत खिमा भरत होती. मी म्हटलं, "हे तर भाकरीत खिमाच होय ना वो."
"भाकर वाजत नाई आजी. हे खाताना वाजलं पाहिजे."

फोनमधल्या बाईचा खिमा गाईचा होता. आपल्याकडे तो मिळत नाही आणि कायद्यातही बसत नाही. म्हणून इसरूभाऊंच्या दुकानातून बोकडाचा आणला. इसरूभाऊ विचारत होते, "सिस्टर, पाहुणे आले का?" आम्ही मक्याच्या पुऱ्या लाटल्या आणि तळल्या. त्या पापडासारख्या ताठ झाल्या, दुमडायला गेलं की कटकन मोडायच्या. आधी दुमडून तळल्या तर कढईत मिटून बसल्या, जशा काही रुसल्या. एक फुगली आणि फुटली. साक्षी किंचाळली, मी झारा घेऊन मागे सरकले, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की भिंतीपलीकडून आवाज आला, "सिस्टर बाई, काही पडलं का जी?"

गेडाम आत आले. कढईतले तुकडे त्यांनी पाहिले, फोन पाहिला, आणि निघून गेले. मला वाटलं, वेड्या समजले असतील. थोड्या वेळात पलीकडे ठोकाठोक सुरू झाली. परत आले तेव्हा हातात लोखंडी पत्र्याचा एक तुकडा होता, घासूनपुसून लख्ख केलेला आणि करवतीच्या दातांसारखा वाकवलेला. म्हणाले, "याच्या खाचेत बसवा. आता कशी मिटते ते पाहू."

मी मक्याच्या पिठात तांदळाचं पीठ मिसळलं, उकड काढली, पातळ पोळी लाटून तव्यावर अर्धी शेकली आणि गरम असतानाच खाचेत बसवली. वरून तेलाचा हात. पत्रा शेगडीवर ठेवला. पोळ्या दुमडलेल्या राहिल्या आणि कडक झाल्या! साक्षी नाचायला लागली. खिम्यात जिऱ्याची पूड, लसूण, तिखट, वर बारीक टमाटर-कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू आणि बांधलेलं दही.

पहिला टाको पाहुण्याचा. गेडामांनी तो उभा धरला आणि वरून घास घेतला. टाको खालून उघडला आणि सगळा खिमा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात गेला. त्यांनी खिशात वाकून पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, घरी नेतो म्हटलं असतं तर तुमी तसंही बांधून देल्लं असतं."

मी हसत हसत खाली बसले, ओट्याला पाठ लावून. डोळ्यांतून पाणी. साक्षी घाबरली, "आजी, श्वास घे!" त्या दिवशी मी चार टाको खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मला भूक लागली होती. खरी भूक. खुशाल गेल्यानंतर पहिल्यांदा.

सबब, शेगडी, तवा, कढई, झारा आणि सदर पत्र्याचा स्टँड हे सर्व साक्षीला द्यावं. स्टँडसाठी कोणी कितीही आग्रह केला तरी तो उसना देऊ नये.

कलम ४. शेजारीण सौ. रंजीता यांना अंगणातील हात असलेली प्लास्टिकची खुर्ची.
पुढचे सगळे शनिवार गेडाम आमच्याकडे जेवले. कधी ते टमाटर आणायचे, कधी मोहाच्या लाकडाचे निखारे. रंजीताबाई आमच्या खिडकीसमोर उभ्या राहून रोज कपडे वाळत घालायच्या, न धुतलेलेही. उभं राहून त्यांचे पाय दुखत असतील, म्हणून ही खुर्ची. त्यांनीच नागसेनला फोन केला, "तुह्या मायचं काहीतरी पाय ना भाऊ, लोकायले तोंड दाखवायची जागा नाई ठेवून राह्यली." याचा राग मी सहा महिने धरला आणि पुरेपूर उपभोगला. आता सोडते. त्या फोनशिवाय पुढचं काही घडलंच नसतं.

कलम ५. सर्टिफिकेट.
नागसेन शिफ्ट संपवून तसाच मोटारसायकलवर आला, भुवयांवर सिमेंटची धूळ. मी ताट वाढलं.
"मी जेवाले नाई आलो, आई."
"मंग काऊन आला?"
"तू काय करून राह्यली? या वयात? बाबाच्या फोटोसमोर?"
"तुह्या बाबाचा फोटो गेडाम भाऊच पुसते दर शनिवारी. तू केव्हा पुसला?"

त्याने फोटोकडे पाहिलं. पण तो बापाचा मुलगा, हट्टी. म्हणाला, तुझ्या डोक्यात फरक पडला आहे, डॉक्टरकडे चल. मी म्हटलं, चल. भांडत बसले असते तर त्याला तेच हवं होतं.

डॉ. प्रवीण दडमल यांनी मला विचारलं, "आज वार कोणता?"
"शनिवार. म्हणूनच मी घाईत आहो."
"घाई कसली?"
"टाकोची."
डॉक्टरांनी नागसेनकडे पाहिलं. नागसेनने, पाहा, अशी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "बरं, ते कसे करतात, क्रमाने सांगा पाहू." मी सांगितलं, उकडीपासून लिंबापर्यंत. मध्ये ते विचारत होते, पीठ किती, उकड किती वेळ. आधी मला वाटलं, परीक्षा चालली आहे. मग त्यांनी स्वतःच्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं. नागसेनला म्हणाले, "तुमच्या आईचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे. वजन वाढलं, हिमोग्लोबिन वाढलं. असंच चालू द्या." सर्टिफिकेट मी मागून घेतलं. नागसेन बाहेर येऊन गाडीला किक मारून गेला. त्या शनिवारी मी टाको केले, पण घास उतरत नव्हता. मुलगा उपाशी गेला होता.

गेडाम माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "बाई, माह्यामुळं पोरगं तुटत असंल तर मी येणं बंद करतो." मग त्यांनी एक टमाटर उचलला. "नाई तर मंग असं करू, की रोजच इथी येतो, मंग जाऊन तरी काय करतो?"
साक्षी म्हणाली, "आजी, हे लग्नाचं विचारून राह्यले."
"मले समजते," मी म्हटलं. आणि हो म्हटलं. इतक्या पटकन, की गेडामांच्या हातातला टमाटर खाली पडला.

कलम ६. विवाह.
नोटीस लागली, महिना गेला. मी नागसेनला तारीख कळवली. उत्तर आलं नाही. चंद्रपूरच्या विवाह नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदार लागतात. साक्षी होती, दुकान बंद करून इसरूभाऊ आले होते, आणि तिसऱ्या साक्षीदार म्हणून गेडामांच्या बहीण सुकरीबाई येणार होत्या. त्यांची बस रस्त्यात बंद पडली. साहेब घड्याळ पाहत होते. म्हणाले, तिसरा साक्षीदार नसेल तर पुढची तारीख घ्या. मी उसना धीर आणून म्हटलं, "तोवर बाकीच्या सह्या तरी होऊ द्या जी." आणि कागद गेडामांपुढे सरकवला.

इथे मला एक नमूद करायचं आहे. बरीच वर्षं मी त्यांना भाऊ म्हणत आले होते. सवय. तोंडातून निघून गेलं, "गेडाम भाऊ, इथी सही करा."
साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे तुमचे कोण?"
सगळं कार्यालय आमच्याकडे बघू लागलं. आणि दारातून एक हसू फुटलं. मोठं, नाकातून येणारं, थेट खुशालचं हसू. नागसेन हेल्मेट हातात घेऊन उभा होता. केव्हापासून होता कोणास ठाऊक. हसता हसता तो भिंतीला टेकला. मग मी हसले, गेडाम हसले, साहेब तोंडावर फाइल धरून हसले. नागसेन डोळे पुसत पुढे आला आणि म्हणाला, "कुठी करायची सही?"
मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "माय, साक्षीनं सांगितलं तू आता दोन वेळ जेवतेस म्हणून. मी मूर्खावानी भांडून राह्यलो होतो."

कलम ७. राहतं घर.
हे घर मी माझ्या पगारातून बांधलं. माझ्यानंतर श्रावण गेडाम यांना हयातभर या घरात राहण्याचा पूर्ण हक्क राहील. त्यांना कोणी "केव्हा जाता?" असं विचारू नये, डोळ्यांनीसुद्धा. त्यांच्यानंतर घर नागसेनचं. गेडामांना मी हे ठरवल्याचं आधी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मले घर कायले? माहं घर तं भिंतीपल्याड हाये." मी म्हटलं, मग ती भिंत पाडून टाका. दुसऱ्या दिवशी ते सब्बल घेऊन उभे. आता मध्ये दार आहे.

कलम ८. बँकेतील ठेव साक्षीला, एका अटीवर.
तिने विमानाने मेक्सिकोला जावं, तिथे रस्त्यावर उभं राहून खरा टाको खावा आणि माझा बरा की त्यांचा, ते प्रामाणिकपणे ठरवावं. तिकडे तो गाईच्या खिम्याचाही असतो म्हणतात. तो खायचा की नाही, ते तिचं तिने बघावं. या बाबतीत मी कागदावर अट घालत नाही. सोन्याच्या कुड्या दीपालीला. तिने रोज वापराव्यात, कपाटात ठेवू नयेत.

कलम ९. अंत्यविधी.
बौद्ध पद्धतीने, साधा. पांढरे कपडे सर्वांनी घालावेत, गेडामांनी मात्र रंगीत शर्ट घालावा, कारण त्यांचा भरवसा नाही. पुण्यानुमोदनाला आलेल्यांना उपाशी पाठवू नये. भाषणं थोडी, वाढणं जास्त.

नावाने साक्षी असली तरी नातीला यात वाटा असल्याने तिची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही. ती त्यावर नाराज आहे.

या दस्तात खाडाखोड नाही. तिसऱ्या पानाच्या कडेला, घराच्या कलमाशेजारी, तेलाचा एक डाग आहे. सही करण्याआधी मी हे सगळं नागसेनला जेवताना वाचायला दिलं होतं. तो एका हाताने टाको खात होता, दुसऱ्याने पान धरून होता, आणि मध्ये त्याने हात बदलले. डाग म्हणजे त्याचा उजवा अंगठा आहे, रेषा स्पष्ट दिसतात. मी पान बदलून पुन्हा लिहायला निघाले तर तो म्हणाला, "राहू दे ना माय, तसंच राहू दे." सबब तो अंगठा मी त्याची संमती म्हणून धरते.

लिहून देणार : मनकर्णा खुशाल रामटेके (सही)

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना :
१. डॉ. प्रवीण दडमल, ब्रह्मपुरी (सही)
२. इसरू कन्नाके, मटण विक्रेते, ब्रह्मपुरी (सही)

ठिकाण : ब्रह्मपुरी
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार