शोध माझा, बोट बायकोचं

६ जुलै
आजपासून घरात बाजारचं मलम बंद. होती ती ट्यूब फेकली. यापुढे जखमेवर फक्त माझं टिंक्चर: हळद, दगडीपाला, झेंडू, स्पिरिट. धाटावच्या केमिकल कंपनीत अकरा वर्षं काढली आहेत. स्टोअरमध्ये का होईना! पेणच्या डॉक्टरांनी काय पाहिलंय? खोकला आणि खरूज.

७ जुलै
पाला आणायला निघालो. चिखल. परतलो. सासूबाईंनी शेताच्या बांधावरून आणून दिला. वर अक्कल शिकवली, की ताजा चोळून लावला की झालं, बाटलीत कशाला कोंबायचा. अडाण्यांशी वाद घालू नये. तासभर घातला.

९ जुलै
बरणी भरली. पुस्तकात तीन आठवडे मुरवा असं लिहिलंय. ते मठ्ठ लोकांसाठी. मी रोज दोनदा हलवणार, म्हणजे निम्म्या वेळात काम.

१३ जुलै
हलवायचं राहिलं. सेकंड शिफ्ट. कंपनीला संशोधनाची कदर नाही.

१९ जुलै
गाळलं. फडकं सापडेना, म्हणून बनियनमधून. जुनं असलं तरी माझंच. बाटली निम्मीच भरली, तेव्हा वर नळाचं पाणी. नुसतं स्पिरिट झोंबतं आणि बायका कांगावा करतात.

२७ जुलै
पांढरी साय धरलीय. अर्क वर येतोय. वास उग्र. औषधाला नको तर काय अत्तराला हवा?

२ ऑगस्ट
पेशंट नाही. अख्ख्या आळीत कुणाला साधं खरचटत नाही. शेजारच्या प्रणितचा गुडघा फुटला, तर मला बाटलीसकट येताना बघून त्याच्या आईने दार लावून घेतलं. कृतघ्न आळी.

८ ऑगस्ट, संध्याकाळ
पेशंट मिळाला! बायको, निशिगंधा. भावाच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. चार रेघा मारायच्या, त्याचं केवढं कौतुक! गिऱ्हाइकं म्हणे तिच्याच हातचे डोळे मागतात. आज पत्र्याने बोट कापलं, उजव्या हाताचं. मलम शोधत होती. टिंक्चर लावून पट्टी बांधली. किंचाळली. म्हणजे गुण येतोय.

११ ऑगस्ट
बोट सुजलं. मेव्हणा निलेश सांगायला आला, भावोजी, दवाखान्यात न्या, चतुर्थी पंधरवड्यावर आली. त्याला समजावलं की विष बाहेर पडतंय. डोस दुप्पट केला.

१४ ऑगस्ट
मी शिफ्टला असताना निलेश तिला दवाखान्यात घेऊन गेला. पाठीमागून वार! डॉक्टरने चिरून पू काढला. महिनाभर कुंचला धरायचा नाही. कारखान्यात सगळे गणपती आंधळे उभे आहेत म्हणे. मग आणा दुसरा आखणीवाला! आणलाच.

२० ऑगस्ट
ही रोज कारखान्यात जाऊन नुसती बसते. आमच्या घरच्या गणपतीचे डोळे दरवर्षी सगळ्यात शेवटी काढते, उपास धरून. यंदा तेही त्या माणसाने काढले. घरी येऊन रडली. दोन रेघांसाठी! म्हटलं, डोळे असल्याशी कारण. डाव्या हाताने जेवण वाढलं. आमटीत मीठ नव्हतं. मी काही म्हणालो नाही.

२१ ऑगस्ट
ठरलं. टिंक्चर आता स्वतःवर वापरून दाखवणार आणि सगळ्यांची तोंडं बंद करणार. जखम होऊ दे फक्त.

२३ ऑगस्ट
झाली. मखराचा पुठ्ठा कापताना कटर अंगठ्यात घुसला. भळाभळा रक्त. बाटली काढली. साय हिरवी झालीय. बाटली परत ठेवली. प्रयोगासाठी जखम जरा जास्तच खोल होती.

रिक्षाने दवाखाना. टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टरने विचारलं, घरचं काही लावलं नाही ना? म्हणालो, छे हो, असल्या अडाणीपणावर माझा विश्वास नाही.

मागे निशिगंधा उभी होती, ड्रेसिंगसाठी आलेली. तिने डॉक्टरला सांगितलं, व्हय, खरं हाय त्यांचं. सवताला कधीच नाय लावलं त्यांनी.