ओळखीच्या बाईचं घर

रविवार, २१ डिसेंबर, दुपार

चि. सौ. सूनबाई,

तुला, त्याला आणि छोटीला खूप खूप आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. माझी तब्येत उत्तम. गुडघ्यांबद्दल मात्र विचारू नकोस, त्यांचा विषय पुढे येणारच आहे. छोटीचा पुढचा दात पडल्याचं फोनवर कळलं. नवा दात सुरुवातीला वाकडा दिसला तर घाबरू नका, जीभ लावत बसू नको म्हणावं, एवढंच. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं नावं नोंदवत बसल्यावर एवढं तर मलाही कळतं.

पत्र तुझ्या नावाने आलं म्हणून तुला नवल वाटेल. त्याला लिहिणार होते, पण तो पहिली ओळ वाचून फोन उचलेल. आणि फोनवर तो एक सुस्कारा टाकतो की मी कशालाही हो म्हणून मोकळी होते. तू शेवटपर्यंत वाचतेस. मग त्याला कधी आणि किती सांगायचं ते तुझं तू ठरव. जेवणानंतर सांगितलेलं बरं.

आधी दवाखान्याच्या गमती सांगते. वर्षअखेरच्या सुट्टीआधी आम्ही सगळ्यांना भेटी देतो, हे तुला माहीत आहे. खरेदी दरवर्षी माझ्याकडेच असते, कारण मोठ्या डॉक्टरांवर सोपवली तर प्रत्येकाला टूथब्रश मिळतो. एका वर्षी मिळाला होता. कवळ्या बनवणाऱ्या आमच्या दादांनाही मिळाला, आणि त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही. त्यांनी तो बूट घासायला ठेवलाय.

या वेळी मी जरा मनापासून खरेदी केली. दवाखान्यातलं शेवटचंच वर्ष म्हणून. लहान डॉक्टर, म्हणजे मोठ्यांची मुलगी, तिला बारा महिने थंडी वाजते. तिला गरम पाण्याची पिशवी आणि तिच्यावर घालायला लोकरीचा अभ्रा. दादा काम करताना दिवसभर एकच गाणं म्हणतात आणि तेही चुकीचं. त्यांना छोटा रेडिओ, म्हणजे जगात आणखी गाणी आहेत हे त्यांना कळेल. मोठे डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये पेशंटच्याच खुर्चीत बसून डुलक्या घेतात आणि मान एकीकडे पडते. त्यांना गळ्याभोवती घालायची उशी.

सफाईच्या मावशींना चांगले न घसरणारे बूट द्यायचे होते. पण माप विचारलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं. म्हणून त्या ओल्या फरशीवरून अनवाणी गेल्या तसा मी त्यांच्या पावलाच्या ठशावर कागद दाबला. मान वर केली तर समोर एक पेशंट गालाला हात लावून उभा. "काही हरवलं का?" म्हणाला. मी म्हटलं, "हो, जरा बघतेय." तोही बिचारा सुजलेल्या दाढेसकट खाली वाकून बघायला लागला.

आता दुसरी बातमी. माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला घर घ्यायचं आहे. छोटंसं, बसकं, पुढे दोन पायऱ्या आणि मागे हातरुमालाएवढी जागा. जुनं आहे. भेटी गुंडाळायचे कागद आणायला ती ज्या दुकानात जाते त्याच रस्त्यावर आहे आणि दारावर 'विकणे आहे' अशी पाटी होती. ती नुसतं बघायला म्हणून आत गेली.

जुनं घर घेण्याआधी ते कुणा जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. म्हणून मी त्या बाईला मदत करायचं ठरवलं. दवाखान्यात लहान डॉक्टरांना विचारलं, "कुणी चांगला इन्स्पेक्टर माहीत आहे का?" मोठ्या डॉक्टरांना हल्ली अर्धंच ऐकू येतं. "इन्स्पेक्टर कशाला? काय चोरीला गेलं?" म्हणाले, आणि आम्ही कितीही समजावलं तरी दुपारपर्यंत कपाटातले चिमटे मोजत बसले. एक खरंच कमी निघाला. तो त्यांच्याच खिशात होता.

पहिला तपासनीस दलालाने आणला. अत्तर लावून आला होता. फाटकातूनच "वा" म्हणाला. भिंतीवर पेनाने दोनदा टकटक केलं, नळ सोडला, बंद केला, "वा" म्हणाला. माळ्यावर गेलात का विचारलं तर म्हणे, माळे सगळे सारखेच असतात. वर म्हणाला, "पुढेमागे काही निघालंच तर दुरुस्ती मीच करून देतो. दलालसाहेबांची सगळी घरं माझ्याकडेच असतात."

आता तूच सांग, दात तपासणाराच दलालाचा माणूस आणि तोच कवळी विकणार, तर तो कुणाचा दात शाबूत ठेवेल? मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. म्हणजे त्या बाईने लावलं.

मग मी नीट चौकशी सुरू केली. दिसेल त्याला तेच प्रश्न. परवाना आहे का? शिक्षण कुठलं? आधीच्या एखाद्या घराचा अहवाल दाखवाल का? तपासताना मला बरोबर राहू द्याल का? दुरुस्तीची कामं घेता का? शेवटच्या प्रश्नाला जो "घेतो ना" म्हणाला त्याला फोनवरच नमस्कार. एकाने विचारलं, "बाई, तुम्ही घर घेताय की मला नोकरीला ठेवताय?" सगळ्यांशी बोलून झाल्यावर मी विचारायला लागले, तुमच्यात सगळ्यात कडक कोण? तिघांनी एकच नाव सांगितलं, आणि सांगताना तिघांचाही आवाज पडला.

ती एक बाई निघाली. इंजिनीयर, रीतसर परवाना, कधी काळी मोठमोठे पूल तपासायची. फोनवर म्हणाली, "माझ्यामागे फिरायचं असेल तर जरूर या. पण फरशीखालच्या पोकळीत रांगत जावं लागेल. गुडघ्यांना बांधायचे पॅड आणि टॉर्च आणा." मी दोन्ही विकत आणलं आणि कागदात गुंडाळून भेटींच्या शेजारी ठेवलं, कारण घरात गुंडाळायचा कागदच पसरला होता आणि माझे हात आपोआप चालले होते.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात सगळे जमलो. मोठ्या डॉक्टरांनी पुडकं उघडलं तर आत गुडघ्यांचे पॅड आणि टॉर्च. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ते पॅड पँटवरूनच चढवले, उभे राहून दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वयाचा विचार केला." मग टॉर्च लावून सवयीने दादांच्या तोंडात बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नाही, पण दादांनी आ केला.

मावशी नवे बूट घालून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. लहान डॉक्टर पिशवी पोटाशी धरून बसली होती. रेडिओची बटणं फिरवता फिरवता दादा सहज म्हणाले, "बाई, या वेळी सगळ्यांना अगदी नेमकं दिलंत. निरोपाला देतात तसं. कुठे चाललात की काय?"

मी तुमच्याकडे कायमची येणार हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. सांगायला हीच वेळ चांगली होती.

"नाही," मी म्हणाले.

असं माझ्या तोंडून निघालं. जोरात निघालं, कारण मोठ्या डॉक्टरांनाही ऐकू गेलं. "बरं झालं," म्हणाले. "चिमट्यांकडे लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

दुसऱ्या दिवशी तपासणी. पॅड गेले होते, म्हणून मी डॉक्टरांची ती गळ्यातली उशी घेतली. तपासणीवालीने उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आधी ती छपरावर चढली. मग माळ्यावर. माळ्यावरून उतरली तेव्हा केसांत जळमटं आणि चेहऱ्यावर काहीच नाही. विजेचा बोर्ड उघडून बराच वेळ बघत राहिली, आमच्या दवाखान्यात एक्स-रे बघताना बघतात तशी. मोरीच्या भिंतीला ओल मोजायचं एक यंत्र लावलं, ते ओरडलं. मग मागच्या बाजूची फळी काढून ती पोकळीत शिरली आणि तिच्यामागून मी, एकेक गुडघ्याखाली आलटून पालटून उशी सरकवत. म्हणजे ती बाई शिरली. मी बाहेरच उभी होते.

सूनबाई, राहू दे. तू शहाणी आहेस, पहिल्या पायरीपाशीच ओळखलं असशील. ती बाई मीच.

पोकळीत कोळिष्टकं आणि मातीचा थंड वास होता. ती पुढे टॉर्च मारत होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आता म्हणेल, खांब कुजलाय. आता म्हणेल, पाया खचलाय. खरं सांगते, मी सगळ्यात कडक माणूस शोधला तो त्याचसाठी. तिने एकदा 'हे घर घेऊ नका' म्हणावं, म्हणजे मी सुटेन, गुपचूप सामान बांधीन आणि तुम्हाला यातलं काही कळणारही नाही. त्या अत्तरवाल्याने वा वा केलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला.

बाहेर येऊन दोघी पायरीवर बसलो. ती म्हणाली, "काकू, वायरिंग जुनं आहे, पूर्ण बदला. मोरीच्या भिंतीत ओल आहे. मागची पन्हळ तुटली आहे, ओल तिच्यामुळेच. गिझर आज ना उद्या जाणार."

"आणि पाया?"

"पाया उत्तम आहे. खांबही चांगले."

"छप्पर तरी?"

"छप्परही चांगलं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलेलं दिसतंय."

मी विचारलं, "मग घेऊ की नको?"

"ते सांगणं माझं काम नाही. काय आहे ते मी सांगितलं. राहायचं तुम्हाला."

मला कितीतरी वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. तुझे सासरे होते तोवर बदलीचा कागद येई आणि आम्ही उठून जाऊ. प्रत्येक घरमालकाची पहिली अट, भिंतीला खिळा मारायचा नाही. आमचं कॅलेंडर जन्मभर खिडकीच्या कडीला लटकत राहिलं. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, आई, तू एकटी कशी राहणार, आणि मी म्हटलं, खरंच, कशी राहणार. मी एकटी कशी राहते हे कुणी बघितलंच नव्हतं. मीही नाही. तर आता बघितलं. मी बरी राहते गं. सकाळी रेडिओ मोठ्याने लावते. कधी संध्याकाळी नुसतं ताक आणि भाकरी खाते आणि कुणाला कारण सांगत नाही.

वायरिंग विकणाऱ्याने बदलून द्यायचं कबूल केलंय. ओल आणि पन्हळ माझ्याकडे. पैशांची काळजी त्याला करू देऊ नकोस, सगळी सोय झालेली आहे. शुक्रवारी मी सही केली. मोठ्या डॉक्टरांनी आणखी काम करायला सांगितलंय, अर्धा दिवस. ही विनंती होती की हुकूम ते कळलं नाही, पण हो म्हटलं.

आता मला जे लिहायला सर्वांत जड जातंय ते. तुम्ही माझ्यासाठी खोलीला रंग दिलात, मला विचारून पडदे शिवलेत. रंग मी सांगितला तोच. फोनवर तो रोज विचारतो, "आई, बॅग भरली का?" आणि मी म्हणते, भरतेय. बॅग पलंगाखाली रिकामी आहे. त्याला वाईट वाटेल. त्याला वाटेल आपलं काही चुकलं. तसं काही नाही, हे त्याला नीट सांग. माझ्या सांगण्यावर तो विश्वास ठेवणार नाही, तुझ्या ठेवील. चांगल्या मुलाला नाही म्हणणं फार अवघड असतं. वाईट असता तर मी केव्हाच म्हणाले असते.

आणि एक गोष्ट, ही फक्त तुझ्यापुरती. मागच्या वेळी मी तिथे होते तेव्हा तू तुझे कामाचे नकाशे जेवणाच्या टेबलावर काढायचीस आणि प्रत्येक जेवणाआधी गुंडाळून ठेवायचीस. एकदाही कपाळाला आठी पडली नाही तुझ्या. पण गुंडाळताना तुझे हात मी बघत होते. माझ्यासाठी रंगवलेल्या त्या खोलीत उजेड चांगला येतो. तुझं टेबल तिथे टाक. मी आठवडाभर आले तर टेबलाशेजारी गादी पडेल. छोटी मात्र उन्हाळ्यात माझ्याकडे येईल, महिनाभर. तोवर गिझर बदललेला असेल.

तो चिडला तर चिडू दे. सुस्कारे टाकले तर ते तिथेच संपव, इकडे फोनवर येऊ देऊ नकोस. आणि शांत झाला की त्याला म्हण, आईने बोलावलंय, येताना हातोडी आण. पन्हळ त्याच्यासाठीच ठेवली आहे.

तुमचीच, पण इथली,
आई