राजमतीकाकूंची बोली

जिनेंद्रदादा,

तुमची नवी कथा आईला वाचून दाखवली. त्यात ती तुमच्या रानात भांगलायला येते आणि "न्हाय", "व्हय" असंच बोलते. ते तिला पटलं. पण तुमच्या आई तिला चहा देत म्हणतात, "घेतल्याशिवाय मुळीच जायचं नाही हं!" तिथं आईनं मला थांबवलं.

"राजमतीवैनी अशा कवापासनं बोलाय लागल्या? आमी दोघी सारखंच बोलत हुतो की!"

मलाही तेच विचारायचंय. हातकणंगल्यात दोघींची बोली एक, मग पुस्तकात जाताना काकूंचीच तेवढी कशी बदलली?

पण पत्र टाकत नाही. पुढच्या कथेत तुम्ही मलाही घ्याल, आणि माझ्या प्रत्येक "नाही"चं "न्हाय" कराल.

शेवंताची संगीता,
मराठीची शिक्षिका