हबीबूच्या नावापुढची दुआ

सोमवार, ५ नोव्हेंबर

पुन्हा तेच! पडद्यावर अरबी ओळ नीट, कागदावर उलटी. अक्षरं एकमेकांपासून फुटलेली, अल्लाच्या नावाचेही तुकडे. शेहूने कागद चुरगळायला घेतला तशी मी ओरडलेच. छपाईचं दुकान त्याचं, पण ते नाव कचऱ्याच्या टोपलीत?

"मग भर पोत्यात," म्हणाला. "तुझ्या बाबांपायी इथे बसायला जागा उरणार नाही." पोतं भरलं की जाळायचं, राख नदीत सोडायची.

बाबांचा हात थरथरतो, बोरू धरवत नाही. नाहीतर अख्ख्या कानो शहरात मालम बराऊंसारखं, म्हणजे आमच्या या गुरुजी-बाबांसारखं, अक्षर कुणाचं होतं? आता त्यांच्या गुरूंची आणि शिष्यांची नावं माझ्याकडून टाइप होणार आणि घरोघर वाटली जाणार. वैताग आहे नुसता.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

अक्षरं जुळली एकदाची! नावापुढच्या दुआ मी बटणांवर बसवून टाकल्या. माणूस जिवंत असेल तर हफिझहुल्ला — अल्ला त्याला सांभाळो. गेला असेल तर रहिमहुल्ला — अल्ला त्याच्यावर दया करो. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी. घाईत बाबांच्याच नावापुढे 'दया करो' उमटलं!

"एवढी घाई झाली का गं, तालातू?" बाबा हसत सुटले. मला नाही हसू आलं.

शेवटचं नाव हबीबूचं. माझा भाऊ आणि बाबांचा शेवटचा शिष्य. त्याच्यापुढे बाबांनी जागा कोरी सोडलीय. परदेशी कामाला म्हणून अगादेझहून लॉरीत बसून वाळवंटात शिरला, त्यानंतर त्याचा पत्ताच नाही. तिसरं वर्ष चाललंय.

रविवार, ११ नोव्हेंबर

गंबो आला होता. टोप्यांवर कशिदा काढतो, माणूस सरळ आहे. जुम्माईवहिनीला मागणी घातली त्याने — माझ्या भावाच्या बायकोला!

इन्ना, माझी आई, भडकली. "माझा मुलगा जिवंत आहे आणि त्याच्या बायकोला मागणी? लाज नाही वाटत?"

गंबो खाली मान घालून म्हणाला, "काझींना विचारून आलोय, इन्ना. मालम बराऊ काय लिहितात ते बघू, म्हणाले."

म्हणजे सगळं त्या कोऱ्या जागेवर अडलंय. 'दया करो' लिहिलं, तर वहिनी विधवेची इद्दत, चार महिने दहा दिवस, पाळून दुसऱ्या लग्नाला मोकळी होईल. 'सांभाळो' लिहिलं, तर बसली वाट बघत. तिचं वय तरी काय! भांडी घासताना आज ती गुणगुणत होती. मी इन्नाला सांगितलं नाही.

सोमवार, १२ नोव्हेंबर

वीज नाही. काम नाही. बरंच झालं.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

बाबांना विचारलंच, हबीबूपुढे काय लिहू? त्यांनी दार लोटलं.

"हफिझहुल्ला लिही."

मग म्हणाले, "ईरो परत आलाय. त्याच लॉरीत होता. हबीबूला हातांनी वाळू उकरून पुरलं, म्हणाला."

हबीबू! मला खांद्यावर घेऊन फिरवायचा.

"मग बाबा, हे खोटं लिहायचं?"

"दुआ कधी खोटी असते का? आहे तिथे सांभाळेल त्याला अल्ला. तुझ्या इन्नाला कळता कामा नये. ती जगायची नाही."

"आणि वहिनी?"

"आधी तुझी इन्ना सावरू दे. मग बघू."

वजू करायला, हातपाय-तोंड धुवायला लावून, कुणाला सांगणार नाही म्हणून माझा हात कुराणावर ठेवून घेतला. मी ठेवला.

मंगळवार, २० नोव्हेंबर

इन्ना अंगणात कोसे, चवळीचे वडे, तळत होती. मान वर न करता म्हणाली, "काय लिहिलंस त्याच्यापुढे?"

"सांभाळो."

तिने झारा खाली ठेवला. "बरं केलंस. ईरोने मला बाजारात गाठलं होतं. माझं लेकरू गेलं गं! पण बाबांपाशी चकार शब्द काढू नकोस. त्यांचा हात गेलाच आहे, आता जीव जाईल. घे शपथ!"

"पण इन्ना, वहिनीला तरी—"

"तिला सांगितलं की ती रडणार. ती रडली की त्यांना कळणार. घे शपथ."

घेतली. कढईतले कोसे करपून गेले.

दोघं एकाच अंगणात बसतात. रोज संध्याकाळी एकमेकांना म्हणतात, "येईल हो हबीबू." आणि मी मधे! ईरोचा राग येतो, त्यांचा येतो, माझा तर फारच येतो. ओरडून सांगावंसं वाटतं. तोंड उघडत नाही. बटण दाबायला मात्र बोट पुढे झालं.

बुधवार, २८ नोव्हेंबर

छापून झालं. एक अक्षर तुटलेलं नाही. शेहू कागद उजेडात धरून म्हणाला, "वा! असं काम अख्ख्या कानोत दुसरीकडे होत नाही." मला बघवेना.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

नमाजानंतर वाटप झालं. वहिनीला वाचता येत नाही, म्हणून मलाच ओळ वाचायला लावली. वाचली. "पुन्हा वाच." पुन्हा वाचली. तिने कागद डोळ्यांना लावला.

"मालमनी लिहिलंय म्हणजे आहेत ते! तालातू, आहेत ते!"

गंबोला नकाराचा निरोप तिनेच पाठवला.

शनिवार, १ डिसेंबर

वहिनी सकाळपासून हबीबूच्या खोलीला चुना लावतेय. बाबा बघत होते. इन्ना बघत होती. मी तिला बादली भरून दिली.